‘सीपीएस २२’ म्हणजे प्रतिकारशक्ती २२ टक्के नव्हे

पत्र : डॉक्टरसाहेब, माझं माहेर यावल तालुक्यातलं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. वय ६१, केळीची शेती, तंबाखू-चुन्याची जुनी सवय. दोन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आत कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, शेकही (रेडिएशन) पूर्ण घेतले. आता मानेत पुन्हा गाठ आली आहे आणि फुप्फुसात ठिपके दिसताहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली आहे. रिपोर्टवर ‘पीडी-एल-वन सीपीएस २२’ असं लिहिलंय. गावात एकाने सांगितलं, की आप्पांची प्रतिकारशक्ती २२ टक्केच उरली आहे, आधी ती वाढवा मग इंजेक्शन घ्या. ओळखीचे एक गृहस्थ प्रतिकारशक्तीच्या पावडरचे डबे आणि गुळवेलीचा काढा घरी ठेवून गेले. भाऊ म्हणतो, आयआयटीने पेशींची नवी ट्रीटमेंट काढलीय, तीच करू. आई सारखी ‘आते काय व्हई?’ करत बसते. आप्पा उभ्या आयुष्यात तापाने झोपले नाहीत. मग त्यांच्या शरीराने हे का होऊ दिलं?
– एक लेक, अमळनेर

उत्तर :

ताई, आधी त्या आकड्याचं बघू, कारण घरातली निम्मी घबराट त्याच्यामुळे आहे.

आप्पांच्या गाठीचा जो तुकडा काढला, त्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर घेऊन त्याला एक खास रंग देतात. ज्या पेशींवर पीडी-एल-वन नावाचं प्रथिन असतं, त्यांच्या कडा तपकिरी होतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली या तपकिरी पेशी मोजतो. त्यात कर्करोगाच्या पेशी येतात, आणि गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या आपल्या संरक्षक पेशीही येतात. ही बेरीज कर्करोगाच्या जिवंत पेशींच्या संख्येने भागायची आणि शंभराने गुणायची. हाच सीपीएस. आप्पांच्या तुकड्यात कर्करोगाच्या दर शंभर पेशींमागे बावीस पेशी तपकिरी निघाल्या, एवढाच त्याचा अर्थ. अंगात किती प्रतिकारशक्ती उरली हे सांगणारी टक्केवारी अशी कुठल्याच लॅबमध्ये निघत नाही. आणि हा आकडा आप्पांच्या बाजूचा आहे. तोंड-घशाच्या कर्करोगात ज्यांचा सीपीएस २० किंवा त्याहून जास्त, त्यांना इम्युनोथेरपीच्या औषधाचा फायदा तुलनेने अधिक होतो, असं मोठ्या चाचणीत दिसलेलं आहे. डॉक्टरांनी ती तपासणी केली ती याचसाठी.

आता तुमचा खरा प्रश्न. कधी तापाने न झोपलेल्या माणसाच्या शरीराने हे होऊ कसं दिलं?

ताप, सर्दी, जुलाब यांचे जंतू बाहेरचे असतात, त्यांची ठेवण परकी असते. कर्करोगाची पेशी आप्पांच्याच गालाची. तंबाखूने वर्षानुवर्षं जनुकं बिघडवत नेली तरी तिचं बहुतेक सगळं घरचंच असतं. तिला पकडण्याचं मुख्य काम टी-पेशींचं, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं. टी-पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे रिसेप्टर असतात, आणि तिला जे काही कळतं ते या रिसेप्टरना स्पर्श झाला तरच कळतं. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारके तुकडे, जेमतेम आठ-दहा अमायनो आम्लांचे, एचएलए नावाच्या रेणूंत बसवून सतत बाहेर दाखवत असते. टी-पेशी जवळ येते, तिचा रिसेप्टर तो तुकडा चाचपतो. ओळखीचा असला तर पुढे सरकते. बिघडलेल्या जनुकाचा अनोळखी तुकडा असला तर थांबते. दाखवणाऱ्या पेशीच्या एचएलएमध्ये बसवलेलाच तुकडा टी-पेशी ओळखते, सुटा नाही. हे दाखवून दिल्याबद्दल पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

पण ओळखलं की लगेच मारलं, असं होत नाही. तुमच्या भावाला विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चांगला माहीत असेल, तोच समजा. सिंगल फेजवर मोटर उठत नाही, नुसती घुमते आणि प्रसंगी जळते. टी-पेशीचं तसंच आहे. पहिला संदेश अनोळखी तुकड्याचा. दुसरा संदेश सीडी-२८ नावाच्या रिसेप्टरमधून यावा लागतो, आणि तो देणाऱ्या पेशी ठरलेल्या आहेत. पहिलाच आला आणि दुसरा आला नाही, तर टी-पेशी गप्प होऊन बसते. दोन्ही आले की ती कामाला लागते. शिवाय स्टार्टरला लाल बटण असतं, तशी टी-पेशीवर थांबवणारी रिसेप्टरही असतात. त्यातली दोन महत्त्वाची, सीटीएलए-४ आणि पीडी-वन. कर्करोगाच्या पेशीवरचं पीडी-एल-वन येऊन पीडी-वनला चिकटलं, की लाल बटण दाबून धरल्यासारखं होतं. वरून व्होल्टेज कितीही वाढवा, मोटर उठायची नाही.

पावडरच्या डब्यांचं उत्तर इथेच आलं. ते विकणारा माणूस व्होल्टेज विकतोय. आप्पांच्या शरीरात अडचण बटणाची आहे.

मग असली थांबवणारी रिसेप्टर शरीराने ठेवलीच कशाला? कारण ती नसतील तर आपल्याच अवयवांवर हल्ला होतो. ज्या उंदरांत सीटीएलए-४ चं जनुक काढून टाकलं, ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मेले. टी-पेशी बेसुमार वाढल्या आणि हृदयासकट सगळीकडे घुसल्या. पीडी-वन नसलेल्या उंदरांना वय वाढल्यावर सांधेदुखी आणि ल्युपससारखे आजार झाले. म्हणून कुणी ‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं चांगलं’ म्हणालं, की मला त्या उंदरांची आठवण होते. संधिवात, सोरायसिस, थायरॉइडचे कितीतरी आजार हे जास्त झालेल्या प्रतिकाराचेच आजार आहेत.

कर्करोगाच्या पेशीला हे बटण सापडतं कसं, हेही ऐका. टी-पेशी हल्ला चढवताना इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते. ते अंगावर आलं, की आजूबाजूच्या पेशी स्वतःच्या बचावासाठी पीडी-एल-वन वाढवतात. निरोगी पेशीही असंच करतात, नाहीतर साध्या संसर्गातसुद्धा आपलंच मांस जळून गेलं असतं. कर्करोगाची पेशी हीच युक्ती स्वतःसाठी वापरते. म्हणजे ज्या गाठीत पीडी-एल-वन बरंच दिसतं, तिथे पुष्कळदा टी-पेशी पोचलेल्या असतात आणि दाबून ठेवलेल्या असतात. आप्पांचं शरीर झोपून राहिलं होतं असं समजू नका. आणि ‘आपण खाण्यापिण्यात कमी पडलो का’ हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. तंबाखूने घात केला, बाकी कुणी नाही. अजून चोरून चालू असेल तर आजच बंद करा.

आता औषध. जपानमधल्या क्योतोच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेला पीडी-वन सापडलं १९९२ मध्ये. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की सीटीएलए-४ ला अँटिबॉडीने झाकलं तर उंदरांच्या गाठी विरघळतात. दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं. मुंबईत आप्पांना सुचवलेलं औषध बहुधा निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब असेल. दोन्ही पीडी-वनवर बसणाऱ्या अँटिबॉडी आहेत. किमोसारखं हे औषध स्वतः पेशी मारत नाही. ते पीडी-वनवर बसून राहतं, त्यामुळे पीडी-एल-वनला तिथे जागा मिळत नाही आणि मारण्याचं काम आप्पांच्याच टी-पेशी करतात.

सगळ्यांत चालतं का? नाही, आणि हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. तोंड-घशाच्या परत आलेल्या कर्करोगात हे औषध एकटं दिलं, तर साधारण पाच-सात जणांत एकाची गाठ ठळकपणे आकसते. ज्यांची आकसते त्यांच्यात परिणाम बराच काळ टिकू शकतो, हे याचं वैशिष्ट्य. बाकीच्यांत का चालत नाही, त्याचीही कारणं बरीचशी रिसेप्टरांशीच जाऊन भिडतात. काही गाठींत टी-पेशी पोचलेल्याच नसतात, तिथे बटण सोडून उपयोग काय? काही कर्कपेशी एचएलए दाखवणंच बंद करतात, मग टी-पेशीच्या रिसेप्टरला चाचपायला काही उरत नाही. शरीराने यावरही तोड ठेवली आहे. एनके म्हणजे नैसर्गिक मारक पेशींवर एचएलए ओळखणारी रिसेप्टर असतात. समोर एचएलए दिसलं की त्या शांत राहतात, ते गायब असलं की त्यांचा संयम सुटतो. त्यांच्यावर एनकेजी-२-डी नावाचं आणखी एक रिसेप्टर आहे. ते पेशीवर ताण आला की उगवणारी मायका-मायकबी ही प्रथिनं पकडतं. तर कर्करोग ही प्रथिनं कापून रक्तात सोडून देतो, म्हणजे रिसेप्टर त्या सुट्या तुकड्यांतच गुंतून पडतं. एवढा धूर्त शत्रू काढ्याने हटेल, असं म्हणणाऱ्याचं मला नवल वाटतं.

आप्पांच्या बाबतीत रोग फुप्फुसात गेलेला आहे. अशा वेळी उपचाराचा हेतू रोग आटोक्यात ठेवणं, दुखणं कमी करणं आणि दिवस वाढवणं हा असतो. डॉक्टरांना हे थेट विचारा आणि आप्पांना जेवढं ऐकायचं असेल तेवढं त्यांनाही ऐकू द्या. ज्यांचा सगळा जन्म जिराईत-बागाईत बघण्यात गेला, त्या माणसाला अनिश्चितता समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे मुलं-मुली वडिलांना बाहेर बाकावर बसवून आत एकटीच डॉक्टरांशी बोलतात, ते मला पटत नाही.

पैशांचा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण तो असणारच. पूर्ण डोसची इम्युनोथेरपी लाखांत जाते आणि महिनोन्‌महिने चालते. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलचं एक काम तुम्हाला माहीत हवं. निवोलुमॅबचा प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधं दिली. त्यातल्या निम्म्यांना जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. वर्षअखेरीस नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या थोड्या औषधाने काम कसं झालं, याचं उत्तरही रिसेप्टरमध्येच आहे. टी-पेशींवरची पीडी-वन मोजकी असतात. ती बहुतेक सगळी झाकली गेली, की वर आणखी औषध ओतून आणखी झाकायला काही उरत नाही. कमी डोसमध्येही ती बरेच दिवस झाकलेली राहतात, हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं. अर्थात ४३ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं वर्षही काढू शकली नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा : ‘आप्पांना कमी डोस चालेल का? ४० मिलिग्रॅमची बाटली दुसऱ्या रुग्णासोबत वाटून घेता येईल का? की गाठ वेगाने वाढतेय म्हणून किमो जोडावी लागेल?’ पैशांचं विचारायला लाजू नका. सरकारी आरोग्य योजनेत यातलं काय बसतं हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून आणि समाजसेवा विभागातून लिहून घ्या. शेत गहाण टाकायचा निर्णय त्यानंतर.

आता दुष्परिणामांचं. खेड्यातल्या घरांत गफलत होते ती इथे, म्हणून इथे मी जरा जास्त बोलणार आहे. थांबवणारं रिसेप्टर झाकलं, की टी-पेशी कधीकधी आपल्याच अवयवांवर धावून जातात. आतड्यावर गेल्या तर जुलाब, फुप्फुसावर गेल्या तर कोरडा खोकला आणि दम, यकृतावर गेल्या तर कावीळ. अंगावर पुरळ येतं, सांधे धरतात. थायरॉइड मंदावलं तर माणूस सुस्तावतो, त्याला थंडी वाजते. क्वचित हृदयाला सूज येते, आणि ती जिवावर बेतते. हे पहिल्या इंजेक्शननंतर होऊ शकतं, सहाव्यानंतर होऊ शकतं, औषध थांबवून काही महिने झाल्यावरही होऊ शकतं. आता समजा आप्पांना दिवसातून सहा-सात वेळा परसाकडे जावं लागलं. तुम्ही गावातल्या डॉक्टरांकडे न्याल, ते म्हणतील ‘काहीतरी खाण्यात आलं’, सलाईन लावतील, अँटिबायोटिक देतील. तीन दिवस जातील, आणि तिकडे आतड्याला सूज चढत राहील. यावरचं खरं औषध स्टिरॉइड आहे, आणि ते वेळेवर सुरू करावं लागतं. म्हणून आप्पांच्या खिशात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड ठेवा. त्यावर ठळक लिहा : ‘यांना पीडी-वनरोधक इम्युनोथेरपी चालू आहे.’ खाली औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि मुंबईच्या विभागाचा फोन. गावातल्या डॉक्टरांना आजच जाऊन हे दाखवून ठेवा. त्यांना राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

याची दुसरी बाजूही सांगतो. कंबर दुखली की स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि शिंक आली की अँटिबायोटिक, ही आपल्याकडची रीत आप्पांच्या बाबतीत सोडा. स्टिरॉइड टी-पेशींना झोपवतं. इम्युनोथेरपी सुरू करायच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत परिणाम कमी दिसल्याचंही अनेक अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. खरी गरज असेल तर दोन्ही द्यायचीच, फक्त कारण नसताना नको. आप्पांना आधीपासून संधिवात, सोरायसिस किंवा असला दुसरा आजार असेल तर पहिल्या डोसच्या आधी सांगा. थायरॉइड, साखर आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीलाच करून ठेवल्या, की पुढे बिघाड झाला तर तो कधीचा हे कळतं.

गुळवेलीचा काढा मात्र मी स्पष्टपणे बंद करायला सांगेन. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. सूज होती प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली होती, हेही सांगायला हवं. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आप्पांपुरता मुद्दा सोपा आहे. उद्या त्यांचे डोळे पिवळे झाले तर ते इंजेक्शनमुळे की काढ्यामुळे, हे ओळखता येणार नाही, आणि डॉक्टरांना कदाचित कामाचं औषध थांबवावं लागेल. डबे देणारे गृहस्थ नात्यातले असतील तर भांडू नका. ‘मुंबईच्या डॉक्टरांनी मनाई केलीय’ म्हणा, आमच्या नावावर खपवा.

भावाने ऐकलेली ट्रीटमेंट खरी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली ‘नेक्सकार-१९’ ही कार-टी उपचारपद्धती, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांच्यावर प्रयोगशाळेत बनवलेलं नवं रिसेप्टर बसवतात आणि त्या परत सोडतात. ते रिसेप्टर सीडी-१९ नावाची खूण पकडतं. ही खूण असते बी-पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींवर, म्हणून हा उपचार काही जातींच्या रक्ताच्या कर्करोगात आणि लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) वापरतात. गालाच्या कर्करोगावर सीडी-१९ नसतं, तेव्हा आप्पांना त्याचा उपयोग नाही. भावाला एवढं सांगा आणि त्याला पुढच्या फेरीच्या गाडीचं तिकीट काढायला लावा.

जेवणाचं थोडक्यात. शेकानंतर तोंड कमी उघडतं आणि तिखटाने आग होते. तेव्हा शेवभाजी, ठेचा बाजूला ठेवा. मुगाचं पातळ वरण, दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी, चालत असेल तर अंडं, मिरची न घातलेलं भरीत, हे सगळं चालेल. यातून रिसेप्टर वगैरे काही सुधारत नाही, पण वजन टिकलं तर उपचार झेपतात. दर रविवारी वजन करून वहीत लिहा.

आणि दर फेरीला मुंबई गाठणं जड जात असेल, तर मुंबईने लिहून दिलेला डोस जळगाव किंवा नाशिकला कर्करोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेता येईल का, ते विचारा. सलाईनमधून तास-दीड तासात काम होतं. फक्त औषधाची बाटली स्वतः पिशवीत घालून आणायच्या फंदात पडू नका. ती दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे, आणि भुसावळ स्टेशनावर मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. जिथे डोस द्यायचा तिथल्याच औषधविभागाला थंड साखळीतून ती मागवायला सांगा. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करून औषध चालतंय का ते ठरवतील. त्या स्कॅनची तारीख आताच मागून घ्या.